बोवेनच्या कादंबरीत ‘काहीच घडत नाही’ असं वाटतं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा आठवड्यांच्या वाचनकट्ट्यासाठी एलिझाबेथ बोवेनची ‘द लास्ट सप्टेंबर’ घेतली. पन्नास-साठ पानं झाली तरी टेनिस, चहा आणि येणारे-जाणारे पाहुणे यांपलीकडे काही घडेना, निम्म्या मंडळींनी पुस्तक मिटलं. ही लेखिका आयरिश की इंग्रज हेही नीट कळेना. आता पुस्तक बदलावं की आधी तिचं चरित्र वाचून घ्यावं?

पुस्तक बदलू नका, क्रम बदला. आणि चरित्र शेवटच्या बैठकीसाठी ठेवा.

अडचण तुमच्या कट्ट्याच्या चिकाटीत नाही. बोवेन मोठ्या घटना नजरेसमोर घडू देत नाही. त्या रस्त्यावर, झाडीत, बंद दारापलीकडे घडतात आणि घरातली माणसं त्यांच्याविषयी बोलायचं टाळतात. वाचक घटनेची वाट बघत बसतो आणि लेखिका टाळाटाळ रंगवत असते. ही टाळाटाळ हाच कथेचा गाभा आहे हे एकदा लक्षात आलं की तीच पानं धास्ती घालायला लागतात. हे समजावून सांगून पटत नाही. छोट्या मजकुरावर हात बसावा लागतो, म्हणून सुरुवात कथेपासून करायची.

किती वेळ लागेल हे दोन गोष्टींवर ठरेल. मंडळी इंग्रजी कादंबऱ्या मूळातून सहज वाचत असतील तर ‘द लास्ट सप्टेंबर’ला तीन बैठका पुरतात. इंग्रजी जपून वाचत असतील तर चार धरा आणि कथा दोनऐवजी एकच घ्या. दुसरं म्हणजे आयर्लंडचा इतिहास. तो कुणालाच माहीत नसेल तर पहिल्या बैठकीत पंधरा मिनिटं त्यासाठी काढा, पण त्याहून जास्त नको. इतिहासाचं व्याख्यान झालं की सगळे कादंबरीत त्याची उदाहरणं शोधू लागतात.

त्या पंधरा मिनिटांत काय सांगायचं? बोवेनचे पूर्वज वेल्समधले. कर्नल हेन्री बोवेन इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याबरोबर सतराव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडमध्ये आला आणि त्याला कॉर्क परगण्यात जमीन मिळाली. तिथे वंशजांनी बांधलेलं ‘बोवेन्स कोर्ट’ हे चुनखडीच्या दगडाचं तिमजली घर 1775 मध्ये पुरं झालं. असे हजारो लोक होते: धर्माने प्रोटेस्टंट, जमिनीचे मालक, बोलणं-चालणं इंग्रजी वळणाचं, पण कित्येक पिढ्या आयर्लंडमध्येच जन्मलेले आणि मेलेले. भोवतालचा शेतकरी कॅथलिक आणि बहुतेक त्यांचंच कूळ. या जमीनदारांना अँग्लो-आयरिश म्हणतात. 1903 च्या जमीन कायद्याने सरकारी कर्जावर कुळांना जमिनी विकत घेता आल्या. आपल्याकडच्या कूळकायद्याची आठवण होईल, पण इथे मालकाला विकायला राजी करण्यासाठी सरकारने वर रोख रक्कमही दिली. त्यामुळे कादंबरी घडते त्या 1920 साली या घरांत दिवाणखाना, चांदीची भांडी आणि टेनिसचं मैदान उरलं होतं. ज्या जमिनीच्या जोरावर ते सगळं उभं होतं ती मात्र बरीचशी गेली होती. 1919 च्या जानेवारीत स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं, 1921 च्या जुलैत युद्धविराम झाला. या काळात कॉर्क हा सर्वात रक्तरंजित भागांपैकी एक होता. इंग्रज सैन्य संशयितांची घरं जाळायचं आणि उत्तर म्हणून आयरिश बंडखोर जमीनदारांची घरं पेटवायचे.

म्हणजे ‘आयरिश की इंग्रज’ या प्रश्नाला बोवेनपाशी एका शब्दाचं उत्तर नाही. कादंबरीतल्या माणसांकडेही नाही. गावकऱ्यांच्या लेखी ही अँग्लो-आयरिश माणसं इंग्रज. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या लेखी ती आपलीच, फक्त थोडी विचित्र. स्वतःच्या लेखी ती आयरिश, आणि इंग्रज मंडळी त्यांना जराशी हलक्या कुळातली वाटतात. हा पेच सगळ्यांना एका प्रसंगात दाखवता येतो. जेराल्ड हा तरुण इंग्रज अधिकारी मोठ्या अभिमानाने सांगतो की पीटर कॉनर या बंडखोराला आम्ही त्याच्या घरी पकडलं. घरधनी सर रिचर्ड खूश होत नाहीत. कॉनरची आई मरायला टेकली आहे असं ते म्हणतात आणि तिच्याकडे द्राक्षं पाठवायला हवीत या विचाराला लागतात. जेराल्डला काहीच उमगत नाही. त्या द्राक्षांत शेजारधर्म आहे, मालकाचा मोठेपणा आहे आणि आपल्याला आता काहीही करता येत नाही याची जाणीवही आहे. या एका पानावर अर्धा तास सहज जातो, जाऊ द्या.

एक शब्दही आधीच ठरवून घ्या. या घरांना आयर्लंडमध्ये ‘बिग हाउस’ म्हणतात. मराठीत बोलताना कुणीतरी लगेच ‘वाडा’ म्हणेल आणि चर्चा वाड्यांच्या पडझडीकडे वळेल. वाडा वस्तीत असतो, त्याची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागते, त्याला चौक असतो. बिग हाउस गावापासून दूर, झाडीच्या मागे, फाटकापासून लांबलचक रस्त्याने तोडलेलं. गावाला ते बहुधा दिसतही नाही, आणि घरालाही गाव दिसत नाही. सगळी कादंबरी या न दिसण्यावर उभी आहे. ‘गढी’ म्हटलं तर सत्ता कळते, पण तटबंदी डोळ्यांपुढे येते आणि ही घरं तर संध्याकाळी पुढचं दार उघडं टाकून पायऱ्यांवर बसणाऱ्यांची. म्हणून ‘बिग हाउस’ तसाच राहू द्या. बोवेनने स्वतः 1940 मध्ये ‘द बेल’ या डब्लिनच्या मासिकात यावर लेख लिहिला आहे. या घरांना ‘बिग’ म्हणताना लोकांच्या आवाजात थोडा वैरभाव, थोडा उपहास असतो का, असा प्रश्न ती तिथे विचारते. ‘वाडा’ या शब्दात तो सूर नाही.

आता पहिली बैठक. ‘द डीमन लव्हर’ ही कथा घ्या. मोठ्याने वाचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. 1941 चा ऑगस्ट आहे. बॉम्बहल्ल्यांमुळे खेड्यात राहायला गेलेल्या मिसेस ड्रोव्हर लंडनमधल्या बंद घरातून काही वस्तू न्यायला आल्या आहेत. पुढच्या हॉलमधल्या टेबलावर एक पत्र आहे, त्यावर तिकीट नाही. ते पत्र पहिल्या महायुद्धात नाहीशा झालेल्या वाग्दत्त वराचं असावं असं दिसतं. ठरलेल्या वेळी भेटू, एवढंच तो सांगतो.

बहुतेक वाचक भूत खरं की भास या वादात शिरतात आणि बैठक तिथेच संपते. तो वाद होऊ द्या, पण दहा मिनिटांनी थांबवून सगळ्यांना पुन्हा सुरुवातीकडे न्या. घरात शिरल्यावर बाईंना काय दिसतं त्याची यादी फळ्यावर लिहा. शेकोटीच्या पांढऱ्या संगमरवरावर धुराचा पिवळा डाग. लिहायच्या मेजावर फुलदाणीने सोडलेलं वर्तुळ. दाराची मूठ आपटून भिंतीच्या कागदावर उमटलेला घाव. लाकडी जमिनीवर पियानोच्या पायांचे ओरखडे. मग पंचवीस वर्षांपूर्वीच्या निरोपाचा प्रसंग काढा. त्या सैनिकाने तिचा हात आपल्या गणवेशाच्या बटणावर इतका दाबून धरला की तळहातावर वळ उठला. त्याचा चेहरा तिला आठवत नाही, वळ आठवतो. घरावरचे डाग आणि हातावरचा वळ शेजारी-शेजारी लिहिले की कट्ट्यावर शांतता पसरते. भूत दारात येण्याआधीच घराने सगळं सांगून ठेवलेलं असतं. फर्निचर ही बोवेनची सजावट नाही, साक्ष आहे. ही सवय एकदा लागली की ‘द लास्ट सप्टेंबर’मधली पायरी, पडदा, रिकामी खोली कुणी ओलांडून जात नाही.

दुसऱ्या बैठकीला ‘समर नाइट’ किंवा ‘मिस्टीरियस कोर’. आयर्लंडचा धागा धरायचा तर ‘समर नाइट’: युद्धात तटस्थ राहिलेल्या देशात एक विवाहित बाई रात्री गाडी हाकत प्रियकराकडे निघते, आणि युद्ध कुठेच नसून सगळ्या घरांत शिरलेलं असतं. कथा लांब आहे, घरून वाचून यायला सांगा.

तिसऱ्या बैठकीपासून कादंबरी. तिचे तीन भाग आहेत आणि शीर्षकं येण्या-जाण्याची आहेत: माँटमोरन्सी दांपत्याचं आगमन, मिस नॉर्टनची भेट, जेराल्डचं जाणं. आठवड्याला एक भाग. प्रत्येकाने वाचताना पेन्सिलीने दोनच खुणा करायच्या. बाहेरचं युद्ध घराच्या आवारात जिथे शिरतं तिथे फुली मारायची. त्याविषयी कुणी कुणाला सांगायचं टाळलं तिथे गोल करायचा.

पहिल्या भागात फुल्या कमी असतात, पण असतात. रात्री सगळे पायऱ्यांवर बसलेले असताना दूरच्या रस्त्यावर लष्करी लॉरी घरघरत जाते आणि गप्पा किंचित अडखळून पुढे चालू होतात. खालच्या झाडीत बंदुका पुरल्याची कुजबुज आहे. सर रिचर्डची एकोणीस वर्षांची भाची लोइस एकटी फिरताना ट्रेंचकोट घातलेला माणूस घाईने झाडीतून जाताना बघते. त्याला ती दिसतच नाही. परत आल्यावर ती घरात काही सांगत नाही, कारण सांगितलं तर ती घरच्यांच्या गप्पांतली आणखी एक गंमत होईल. आणि टेनिसच्या दिवशी लॉरेन्स हा कंटाळलेला भाचा बोलून जातो की हे घर जळेल तेव्हा मला इथे हजर असायला आवडेल. तुमच्या मंडळींनी बहुधा हे वाक्य वाचलं असेल आणि पोराचा आगाऊपणा म्हणून सोडून दिलं असेल. घरातल्यांनीही नेमकं तेच केलं!

दुसऱ्या भागात फुली आणि गोल एकमेकांवर येतात. लोइस आणि पाहुणी मार्डा नॉर्टन पडक्या गिरणीत शिरतात, तिथे झोपलेला बंदूकधारी जागा होतो. पिस्तूल सुटतं, मार्डाच्या हाताला खरचटतं. त्या दोघी गप्प राहायचं वचन देतात आणि पाळतात. गिरणी पडकी का, हे त्या बैठकीत विचारा. इंग्लंडच्या कायद्यांनी आयरिश उद्योग मारले हे बोलणं त्या घरातही चालतं, आणि त्याच अवशेषात या दोघींना तो माणूस भेटतो.

तिसऱ्या भागात कट्टा चुकतो तो लोइस आणि जेराल्डच्या प्रेमकथेवर. लग्न मोडलं म्हणून दुःखान्त, असं वाचलं की कादंबरी साधी होते. सर रिचर्डची बायको लेडी नेलर जेराल्डला चहाच्या वेळी शांतपणे पटवून देते की हे जमणार नाही, पैसा नाही, घराणं नाही. ती हे सगळं अत्यंत सभ्यपणे करते. नंतर जेराल्ड दबा धरून बसलेल्यांच्या हल्ल्यात मारला जातो, आणि तेही आपण बघत नाही, बातमी येते. त्यानंतर लोइस कुठे गेली? फ्रेंच सुधारायला फ्रान्समधल्या तूर शहरी पाठवली, हे आपल्याला लेडी नेलर एका पाहुणीला सांगते त्यातून कळतं. कादंबरीची नायिका एका गप्पेतल्या वाक्यात नाहीशी होते. आणि अगदी शेवटी, दीड-दोन पानांत, फेब्रुवारीतल्या एका रात्री तीन घरं एकाच वेळी पेटवली जातात. डॅनियल्सटाउनचं, म्हणजे नेलरांच्या या घराचं, पुढचं दार उघडंच असतं, पाहुण्यांसाठी असायचं तसं, आत भट्टी. ती पानं वाचून झाल्यावर सगळ्यांना आपापल्या फुल्या मोजायला सांगा. ‘काही घडत नाही’ ही तक्रार तिथेच मावळेल.

वाक्यांविषयी थोडं, कारण अडखळणं बहुतेक वेळा तिथे होतं. बोवेन शब्दांचा नेहमीचा क्रम मोडते, नकारावर नकार ठेवते, कर्ता उशिरा आणते, आणि भावना माणसाला न देता खोलीला देते. वेगाने वाचणाऱ्याला हे अवघडलेलं इंग्रजी वाटतं. उपाय सोपा आहे: अडलेलं वाक्य मोठ्याने वाचा, मग तेच मराठीत तोंडी सांगा. सांगताना जो शब्द जागेवर बसत नाही, त्यात पात्राची अडचण लपलेली असते. सलग भाषांतर करत बसू नका, एका बैठकीला तीन वाक्यं पुष्कळ झाली. संवादांत कोण बोलतंय हे हरवतं, तेव्हा समासात नावाचं अक्षर लिहा. कादंबरीलेखनावरच्या 1945 च्या टिपणांत तिने म्हटलं आहे की बोलणं म्हणजे पात्रांनी एकमेकांना काहीतरी करणं. तो निकष लावा. लेडी नेलर ‘काय म्हणाली’ यापेक्षा तिने जेराल्डचं ‘काय केलं’ हे विचारा.

‘तू’ की ‘तुम्ही’ हाही चांगला खेळ आहे. इंग्रजीत एकच शब्द, मराठीत निवडावंच लागतं. लोइस जेराल्डला तू म्हणेल? कोणत्या पानापासून? यावर मतभेद झाले की नातं आपोआप तपासलं जातं.

आता चरित्र, सहाव्या बैठकीसाठी. ते आधी का नको, तर बोवेनचं आयुष्य फार सहज चावी होऊन बसतं. 7 जून 1899 ला डब्लिनमध्ये जन्म. वडील वकील. हिवाळा डब्लिनला, उन्हाळा बोवेन्स कोर्टला. मेंदूवर ताण नको म्हणून सातव्या वर्षापर्यंत तिला वाचायला शिकवलं नाही. वडिलांना मानसिक आजार झाला, आई तिला घेऊन इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर गेली, आणि 1912 मध्ये हाइथ गावी कर्करोगाने वारली. मुलगी तेरा वर्षांची होती. बोलताना अडखळण्याची सवय तिला जन्मभर राहिली आणि ‘मदर’ हा शब्द विशेष अवघड जायचा. हे कळल्यावर प्रत्येक पोरकी मुलगी म्हणजे बोवेन, प्रत्येक अर्धवट वाक्य म्हणजे तोतरेपणा, असं वाचायचा मोह होतो. पोरकी मुलं तिच्याकडे खरंच पुष्कळ आहेत, पण ती फक्त दुःखी नाहीत. ‘द डेथ ऑफ द हार्ट’मधली सोळा वर्षांची पोर्शिया आपल्या निरागसपणाने मोठ्यांची घडी विस्कटते, आणि लेखिका मोठ्यांची बाजूही सोडत नाही. आत्मचरित्र म्हणून वाचलं की ही कठोरता दिसेनाशी होते.

चरित्रातली एक तुलना मात्र फार कामाची आहे. 1921 मध्ये बोवेन्स कोर्टच्या आसपासची तीन घरं जाळली गेली. वडिलांनी तिला पत्र लिहून मनाची तयारी ठेवायला सांगितलं. बोवेन्स कोर्ट वाचलं. 1929 मध्ये कादंबरीत तिने डॅनियल्सटाउन जाळलं, आणि पुढच्याच वर्षी वडील वारल्यावर खरं घर तिच्या नावावर आलं. घराण्यात ते स्त्रीकडे पहिल्यांदाच आलं. पुढे ती सांगते की आपलं घर जळताना मनाने इतक्या वेळा पाहिलं होतं की तो शेवट तिला प्रत्यक्ष जगलेल्या गोष्टींहून खरा वाटायचा. लेखनाच्या कमाईवर तिने घर चालवलं, 1942 मध्ये त्याचा आणि घराण्याचा इतिहास लिहिला. पती अॅलन कॅमेरॉन 1952 मध्ये वारले. खर्च झेपेना म्हणून 1959 मध्ये तिने घर विकलं, आणि घेणाऱ्याने ते थोड्याच काळात पाडून टाकलं. यावर तिने केलेली नोंद अशी की शेवट स्वच्छ झाला, घराला पडीक अवशेष म्हणून जगावं लागलं नाही. घराला आग लागलीच नाही. हिशेब जुळेनासा झाला आणि घर गेलं.

दुसऱ्या महायुद्धातलं तिचं वागणं चर्चेत आलं तर टाळू नका. लंडनमध्ये ती हवाई हल्ल्यांची वॉर्डन होती, आणि 1940 पासून ब्रिटिश माहिती मंत्रालयासाठी तटस्थ आयर्लंडमधल्या लोकमताचे गोपनीय अहवाल लिहीत होती. आयर्लंडमधले काही लोक याला हेरगिरी म्हणतात. अहवालांत आयर्लंडच्या तटस्थतेबद्दल समजूत आणि सहानुभूतीही आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. 1949 च्या ‘द हीट ऑफ द डे’मध्ये नायिकेचा प्रियकर हेर निघतो, आणि प्रेमात कोण कोणाला काय सांगत नाही हाच प्रश्न राहतो. ही कादंबरी तिने चार्ल्स रिची या कॅनडाच्या राजनैतिक अधिकाऱ्याला अर्पण केली. त्याच्यावर तिचं 1941 पासून अखेरपर्यंत प्रेम होतं.

कट्टा पुढे चालू ठेवायचा असेल तर पुढचं पुस्तक ‘द डेथ ऑफ द हार्ट’, माझ्या मते तिचं सर्वोत्तम. तेही तीन भागांत आहे, 1938 चं. त्यात भारतीय वाचकाचे कान टवकारतील अशी एक जागा आहे: निवृत्त मेजर ब्रट लंडनमधल्या ज्या स्वस्त हॉटेलात राहतो त्याचं नाव ‘कराची हॉटेल’, आणि समुद्रकाठच्या मध्यमवर्गीय घराचं नाव ‘वायकीकी’. साम्राज्य ओसरत असताना दूरच्या नावांच्या पाट्या लावून बसलेली ही घरं बोवेनने सहज म्हणून ठेवलेली नाहीत. त्यानंतर ‘द हाउस इन पॅरिस’ घ्या. शेवटची ‘ईव्हा ट्राउट’ मात्र सुरुवातीला अजिबात नको. 1970 च्या बुकरच्या अंतिम यादीत ती होती म्हणून लोक ती आधी उचलतात आणि गोंधळतात. तिथे बोवेन आपलीच पद्धत मोडून बघते, आणि पद्धत ओळखीची नसेल तर मोडतोड कळत नाही.

‘द लास्ट सप्टेंबर’वरचा 1999 चा चित्रपट तिसरा भाग संपेपर्यंत कुणाला दाखवू नका. पडद्यावर बंडखोराला चेहरा आणि भूमिका द्यावी लागते. पुस्तकात तो झाडीतून जाणारा एक कोट आहे, नाहीतर गिरणीत थोडा वेळ भेटलेला माणूस, आणि लोइसला त्याहून जास्त कधी दिसत नाही. आधी चित्रपट पाहिलेला वाचक पुस्तकातही तो चेहरा शोधत बसतो, आणि तुम्ही पुन्हा साठाव्या पानावर अडकता.